दोन खाचांची पिन

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर पटली, नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवायची हौस नाही. हे माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलंय, आणि शेवटचा भाग मी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

आणि आधीच सांगून ठेवते, यात मध्यरात्र नाही, पडका बंगला नाही, कुत्री रडत नाहीत. जे काही झालं ते दिवसाढवळ्या झालं. म्हणून तर जास्त त्रास होतो. रात्रीचं काही असलं की सकाळी उठून म्हणता येतं, झोपेत असेन. मामाला तेही म्हणता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार. दुपारचे साडेतीन. खाडीवर सकाळपासून धुकं बसलेलं, ते हललंच नव्हतं. मामा त्याच्या शेडमध्ये एकटा होता.

शेड घराच्या मागेच आहे. पत्र्याची. एक दार घराकडे, एक दार पाण्याकडे. पाण्याकडच्या दारातून चार पायऱ्या उतरलं की खाडी. आत धातू कातायचा एक म्हातारा लेथ, लांब टेबल, भिंतीभर टांगलेले पाने, आणि कोपऱ्यात पाण्याने भरलेलं लोखंडी पिंप. दुरुस्त झालेली मोटर पिंपाच्या काठाला अडकवायची, तिचा पंखा पाण्यात बुडवायचा आणि चालवून बघायची.

मोटर म्हणजे होडीच्या मागे लावतात ती. पन्नास-साठ वर्षं जुन्या मोटरींचे सुटे भाग बनवणं हा मामाचा धंदा. ज्यांनी त्या मोटरी काढल्या ते कारखाने कधीच बंद झाले. भाग बाजारात मिळत नाहीत. मग लोक मामाकडे मोडका तुकडा घेऊन येतात. कधी तर तुकडाही नसतो, नुसतं भोक असतं. "इथे काहीतरी होतं हो," म्हणतात.

"काहीतरी होतं ते मलाही दिसतंय," मामा म्हणतो. "सांभाळायला काय झालं होतं?"

असा फटकळ. पण त्या रिकाम्या जागेचं माप घेऊन तिथे काय असणार ते बरोब्बर बनवून देतो.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिच्यावरच आहे.

या मोटरींचा पंखा एका छोट्या पिनेवर अडकलेला असतो. आगपेटीच्या काडीपेक्षा थोडी जाड, अर्ध्या काडीएवढी लांब. पितळेची. मुद्दाम मऊ. पंखा खडकाला अडला, जाळ्यात अडकला, की आधी ही पिन तुटते. ती तुटते म्हणून आतले गिअर वाचतात. नावाडी खिशातून दुसरी पिन काढतो, पाच मिनिटांत बसवतो आणि निघतो.

म्हणजे ही वस्तू तुटण्यासाठीच बनवायची असते.

मामा प्रत्येक पिनेच्या टोकावर कानशीने एक बारीक खाच पाडतो. ती त्याची सही. आजवर हजारो बनवल्या असतील, सगळ्या एका खाचेच्या.

एकच सोडून.

मामाला एक थोरला भाऊ होता. खरं तर माझा मोठा मामाच, पण तो गेला तेव्हा मी इतकी लहान होते की मला त्याचा फक्त पेट्रोलचा वास आठवतो. मामा त्याला दादा म्हणायचा आणि त्याच्या बायकोला वहिनी. गोष्टीपुरती मीही तेच म्हणते.

दादा होडी चालवायचा. लोकांना या काठावरून त्या काठाला सोडायचा. खाडीच्या मुखाशी फाटक्या जाळ्यांचा आणि दोरखंडांचा नुसता उकिरडा होता. एका आठवड्यात त्याच्या तीन पिना गेल्या. सुट्या पिना तो खोकल्याच्या गोळ्यांच्या चपट्या पत्र्याच्या डबीत ठेवायचा. डबी कायम शर्टाच्या खिशात.

"बारक्या," दादा मामाला म्हणाला, "तुझ्या पिना आहेत का बिस्किटं?"

दादा चेष्टाच करत होता. घरात मामाला बारक्या म्हणणारा तो एकटाच, आणि चेष्टा करायचा हक्कही त्याचाच. पण मामा तेव्हा सव्वीस वर्षांचा. हातात नवं कसब, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव. त्याला ते झोंबलं.

त्याने त्या दिवशी पोलादाची पिन बनवली. पितळेच्या पिनांत मिसळू नये म्हणून तिच्यावर दोन खाचा पाडल्या. स्वतःच्या हाताने दादाच्या मोटरीत ठोकली.

"ही तुटली तर मिशी उतरवून देईन," मामा म्हणाला. "ती डबी ठेव घरी. काही गरज नाही आता तिची."

दादा हसला. डबी खिडकीत ठेवली आणि गेला.

परत आला नाही.

सहाव्या दिवशी होडी सापडली, मुखाच्या बाहेर, वाळूच्या पट्टीवर. रिकामी. मागची मोटरही नव्हती.

लोक घरी आले. खिडकीतली डबी सगळ्यांनी पाहिली. एवढा मुरलेला नावाडी आणि सुट्या पिना घरी विसरून गेला, असं जो तो म्हणाला. पिन तुटली असणार, जवळ दुसरी नसणार, ओहोटीने होडी बाहेर ओढली असणार. वहिनीने आधी रडून घेतलं. मग तिला राग आला, आणि तो राग कधी उतरलाच नाही. शिवणाचं मशीन चालवता चालवता मध्येच म्हणायची, "एवढीशी डबी. खिशात टाकायला काय झालं होतं त्यांना?"

मामा समोर बसून जेवत असायचा.

एकोणीस वर्षं त्याने ते ऐकलं, आणि एकदाही तोंड उघडलं नाही. आधी धीर झाला नाही. मग उशीर झाला असं वाटायला लागलं. अशा गोष्टींचं तसंच होतं.

तर तो मंगळवार.

सकाळी दातांचे डॉक्टर आले. निवृत्त झाल्यापासून जुन्या मोटरी गोळा करायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड त्यांनी टेबलावर ठेवलं. वाळू उपसणाऱ्यांना खाडीच्या तळाशी सापडलं, त्यांनी भंगारात दिलं, भंगारातून डॉक्टरांनी उचललं. अंगभर शिंपले चिकटलेले. आकारावरून मोटर, एवढंच कळत होतं.

"फिरतच नाही," डॉक्टर म्हणाले. "आत गिअरचे दात गेले असावेत."

"दात गेलेत तर माझ्याकडे कशाला आणलीत?" मामा म्हणाला. "तुम्हीच बसवा की."

डॉक्टर पोट धरून हसले आणि मोटर ठेवून गेले.

मामाने शिंपले खरवडले. पंख्याच्या नटाला तेल सोडलं. जेवून आला. पुन्हा हातोडीने टिचक्या मारत बसला. तीनला नट सुटला. पंखा निघाला. मामाने आतली पिन हळूच ठोकून बाहेर काढली.

अख्खी होती. सरळ. पोलादाची.

त्याने अंगठ्याने टोक पुसलं...

दोन खाचा.

मामा तिथेच खोक्यावर बसला. मग उठून त्याने मोटरीची खालची पेटी उघडली. तीन दात तुटलेले. त्यातला एक तुकडा दोन गिअरच्या मध्ये पाचरीसारखा रुतलेला.

पंचवीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. पंखा कशात तरी अडला होता. पिन तुटायला हवी होती, ती तुटली नाही. मग दात तुटले. तुकडा मध्ये अडकला आणि सगळी मोटर जाम झाली. दादा मोटर चालू करायची दोरी ओढत राहिला असणार. दोरी वीतभर येणार आणि अडणार. पुन्हा ओढणार, पुन्हा अडणार. आणि होडी ओहोटीबरोबर मुखाकडे.

पितळेची पिन असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

मामाने ती पिन शर्टाच्या खिशात टाकली. कुणी बघत नव्हतं, तरी घाईघाईने.

आणि मागून आवाज आला...

खर्र... टक्.

मामाने मान वळवली. कुणी नाही.

थोडा वेळ गेला. किती, तर या जुन्या मोटरींची दोरी चाकाभोवती हाताने पुन्हा गुंडाळायला लागतो, तेवढाच.

खर्र... टक्.

मग... थाप. पत्र्यावर उघड्या तळहाताची एक थाप.

मोटर चालू करायची दादाची ही पद्धत होती. दोन झटके, एक थाप, मग तिसरा झटका. थाप मारल्याशिवाय तिला जाग येत नाही, म्हणायचा.

तिसरा झटका आला.

खर्र... टक्.

मोटर टेबलावर उघडी पडली होती. पेटी एकीकडे, पंखा दुसरीकडे. आवाज पिंपाच्या बाजूने येत होता. मामा तिकडे गेला. पिंपावर काही अडकवलेलं नव्हतं, पण आतलं पाणी हलत होतं. एकामागून एक वर्तुळं काठाला येऊन लागत होती.

उंदीर असेल, असं मामाने स्वतःला सांगितलं. पोहणारा.

दुसऱ्या दिवशी आवाज चार वीसला आला. तिसऱ्या दिवशी पाच दहाला. मामाने भिंतीवरचा भरती-ओहोटीचा तक्ता काढून बघितला, आणि बघितला नसता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. आवाज रोज तेव्हाच येत होता, जेव्हा ओहोटी लागत होती.

चौथ्या दिवशी त्याने मोटरीवरचं ते दोरी गुंडाळायचं जड चाकच काढलं आणि लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलं.

ओहोटी लागली.

मामा कपाटाला पाठ लावून उभा होता...

खर्र... टक्. खर्र... टक्. थाप.

त्याच संध्याकाळी त्याचं लक्ष पिंपाकडे गेलं. पाणी चार बोटं खाली उतरलं होतं. खाली जमीन कोरडी, पिंपाला कुठे गळती नाही. सकाळी भरतीच्या वेळेला बघितलं तर पाणी पुन्हा काठापर्यंत. मामाने बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

ते पिंप त्याने स्वतः घरातल्या नळाने भरलं होतं.

डॉक्टरांचा फोन आला. "काय म्हणतेय आमची म्हातारी?"

"काही खरं नाही तिचं," मामा म्हणाला. "आतून संपलीय. नाद सोडा."

डॉक्टर हिरमुसले. राहू द्या मग तुमच्याकडेच, म्हणाले.

असा आठवडा गेला. पुढच्या मंगळवारी ओहोटी सकाळी नऊला होती. मामा शेडमध्ये नुसता बसून होता. हाताला काम सुचत नव्हतं. वहिनी चहा घेऊन आली, घराकडच्या दारातून.

"भाऊजी, चहा. आणि चार दिवस झाले, धड जेवत का नाही तुम्ही?"

मामा उत्तर देणार, तेवढ्यात...

खर्र... टक्.

वहिनी कप हातात धरून थांबली.

"कोण आलंय?"

"कोणी नाही."

खर्र... टक्. थाप.

वहिनीचा चेहरा मामाने तोवर इतका लहान झालेला कधी पाहिला नव्हता. एखाद्या मुलीसारखा झाला होता. तिने कप सावकाश टेबलावर ठेवला.

"हे असंच करायचे," ती म्हणाली. "दोन झटके आणि थाप."

"उंदीर आहेत, वहिनी. पिंपात पडतात."

ती ऐकत नव्हती. पिंपाकडे बघत होती. आणि मग तिच्या तोंडून तेच आलं, एकोणीस वर्षांचं घोटलेलं. "एवढीशी डबी होती. खिशात टाकायला काय झालं होतं हो त्यांना?"

मामाने तोंड उघडलं.

मिटलं.

आणि त्या क्षणी सगळे आवाज बंद झाले. मागे पायऱ्यांवर पाणी आपटत असतं ते थांबलं. पत्र्यावर कावळे असतात, ते गप्प झाले. भिंतीवरचं घड्याळसुद्धा. कानात दडे बसावेत तसं झालं.

मग मामाला छातीशी गार लागलं...

शर्टाच्या खिशातून पाणी गळत होतं.

थेंब थेंब नाही, धार. खिशाची शिवण भिजली, शर्ट भिजला, विजार भिजली, पायापाशी थारोळं झालं. शेडमध्ये समुद्राचा वास भरला. खिशात त्या पिनेशिवाय काही नव्हतं.

वहिनी त्या थारोळ्याकडे बघत होती. मग तिने मामाच्या खिशाकडे पाहिलं.

"भाऊजी, खिशात काय आहे?"

मामाने पिन काढून तिच्या तळहातावर ठेवली. आणि सगळं सांगितलं. बिस्किटांची चेष्टा, पोलाद, दोन खाचा, आणि ते वाक्य. डबी ठेव घरी, काही गरज नाही आता तिची. मामा मला म्हणाला की एवढं सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

वहिनीने पिनेवरच्या दोन्ही खाचा अंगठ्याने चाचपल्या.

"म्हणजे ते विसरले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्ही सांगितलं म्हणून ठेवली."

"हो."

"मी एवढी वर्षं त्यांना बोल लावले. तुमच्या देखत. तुम्ही भात कालवत ऐकत होतात."

"हो, वहिनी."

तिने पिन परत मामाच्या हातात दिली. चहाचा भरलेला कप उचलला आणि तसाच घेऊन गेली.

आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. दोन्ही वेळा ताट झाकून शेडच्या दाराशी ठेवायची. मामा जेवायचा आणि काम करायचा. त्याने त्या मोटरीचे गिअर नव्याने पाडले. एकेक दात मोजून, एकेक कानशीने घासून. का करतोय ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ओहोटी लागली की मागे झटके सुरू व्हायचे. तो हात थांबवायचा, ऐकायचा, पुन्हा घासायला लागायचा.

"करतोय रे," एकदा तो मोठ्याने म्हणाला. "थांब जरा."

नवव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास वहिनी आली. हातात डबी. खोकल्याच्या गोळ्यांची. वरचं चित्र झिजून गेलेलं. एवढी वर्षं तिने ती साड्यांखाली ठेवली होती, आणि राग राग करायची तरी फेकली नव्हती. तिने ती उघडून मामाला दाखवली. आठ पिना. काळ्या पडलेल्या. प्रत्येकीवर एक खाच.

"गिअर झाले?"

"झाले."

"पिंपाला लावा मोटर."

मामाने लावली. आत पेट्रोल नव्हतं, प्लग नव्हता. वरचं चाक अजून कपाटातच होतं. तेही सांगितलं त्याने.

"असू दे," वहिनी म्हणाली. डबी तिने पिंपाच्या काठावर, मोटरीच्या शेजारी ठेवली. झाकण लावलेली. मग पदर सावरून म्हणाली, "त्यांना सांगा, डबी आणलीय."

बाहेर धुकं होतं. मामाने पाण्याकडचं दार उघडलं. रिकाम्या जागेशी बोलायची त्याला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती.

"दादा," तो म्हणाला. "डबी आणलीय. चूक माझी होती."

दोघं थांबले. तीन पस्तीसला ओहोटी लागली...

खर्रर्रर्र.

टक् झालं नाही. दोरी पूर्ण लांबीने आली.

खर्रर्रर्र.

थाप.

खर्रर्रर्र... आणि मोटर सुरू झाली.

पिंपावरची नाही. ती दगडासारखी गप्प होती, मामाने तिच्यावर हात ठेवून बघितलं. आवाज बाहेरून येत होता. लांबून, मुखाच्या बाजूने, धुक्याच्या आतून. जुन्या मोटरीचा तो फटफट आवाज. मामा झोपेतही ओळखेल असा.

वहिनीने तोंडाला पदर लावला.

आवाज त्यांच्या दिशेने येत होता. एक मिनिट. दोन मिनिटं. मग अचानक मोटर पिसाटासारखी गरगरली, पिन तुटली की गरगरते तशी, आणि बंद पडली.

मामाने डबीचं झाकण उघडलं.

सात होत्या.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. "काय हो, मला चांगलंच बनवलंत. म्हातारी आतून संपलीय म्हणे. दुपारी चालवलीत की."

"मी नाही चालवली."

"सांगा आता. मी धक्क्यावर होतो. तिच्या जातीची मोटर या खाडीत दुसरी नाही. मुखाशी होता आवाज. धुक्यात दिसलं काही नाही, पण होडीवरचा माणूस हाका मारत होता."

मामाने विचारलं, "काय हाका मारत होता?"

"कुणाला तरी बारक्या, बारक्या म्हणत होता."

मामाने फोन ठेवून दिला. एकोणीस वर्षांत त्याला या नावाने कुणी हाक मारली नव्हती. डॉक्टरांना ते नाव माहीत असायचं काही कारणच नाही.

याला आता दोन वर्षं झाली.

रोज होत नाही. धुकं पडतं आणि दिवसा ओहोटी असते तेव्हाच होतं. मोटर सुरू होते, थोडी येते, पिन तुटते, बंद पडते. डबीत एक कमी होते. डबीत पिन नसेल त्या दिवशी नुसते झटके ऐकू येतात, संपूर्ण ओहोटीभर. ते एकदा ऐकल्यावर मामाने डबी पुन्हा कधी रिकामी होऊ दिली नाही. तो पितळेची कांडी घेतो, लेथवर लावतो, पिना काढतो, खाच पाडतो, डबी भरतो.

आणि दर खेपेला आवाज आधीपेक्षा जवळ येतो. पहिल्यांदा मुखाशी होता. मग खाडीतल्या दिव्याच्या खांबापर्यंत आला. मग धक्क्यापर्यंत.

वहिनी बदललीय. तिने शिवणाचं मशीन शेडमध्ये पाण्याकडच्या दाराशी आणून ठेवलंय. चेहरा उजळलाय तिचा. शिवता शिवता गुणगुणते. धुकं पडलं की चांगली साडी नेसते, केसांना तेल लावते. मामाशी बोलते, त्याच्या कपात पुन्हा आधीसारखी दोन चमचे साखर घालते. तिने त्याला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. तिला आता त्याची गरज आहे, एवढं मला दिसलं.

गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हा धुकं होतं. दुपारचे दोन वाजले होते. मी स्वतः ऐकलं.

मी काय ऐकलं ते सांगते आणि थांबते. मोटर सुरू झाली, धक्क्याच्या अलीकडे. फटफट करत आली. इतकी जवळ की शेडचा पत्रा थरथरायला लागला. मी दारातून बघत होते. धुक्यात होडी नव्हती, काही नव्हतं. पण पाण्यावर लाटेची रेघ उमटत होती, होडी पुढे येताना उमटते तशी, आणि ती सरळ आमच्या पायऱ्यांकडे येत होती. वहिनी उठून उभी राहिली. मग पिन तुटली. गरगर आवाज झाला, मोटर थांबली. रेघ पायऱ्यांपासून दहा-बारा हातांवर विरली.

पेट्रोलचा वास आला.

तो वास मी ओळखला, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"आता एकच खेप," वहिनी म्हणाली. डबीकडे बघून, अगदी सहज. "भाऊजी, डबीत दोनच आहेत. करून ठेवा."

ती चहा टाकायला घरात गेली तेव्हा मी मामाला धरलं. त्याला म्हटलं, "मामा, बास कर आता. नको बनवूस पिना. काय येईल ते तुला तरी ठाऊक आहे का?"

मामा लेथपाशी उभा होता.

"नाही बनवल्या तर तो तिथेच दोरी ओढत बसणार," तो म्हणाला. "एकदा मी त्याच्यावर ती पाळी आणलीय."

"आणि बनवल्यास तर?"

त्याने पितळेची कांडी उचलली. डोळ्यांजवळ धरून बघितली.

"वहिनीकडे तो घरी येईल," मामा म्हणाला. "माझ्याकडे जाब विचारायला येईल."

मी दुसऱ्याच दिवशी परत आले. त्यानंतर तिकडे गेले नाही, खरं सांगायचं तर जायचा धीर होत नाही. आठवड्यापूर्वी एका सकाळी मामाला फोन केला. धुकं आहे का विचारलं. आहे, म्हणाला. ओहोटी कधी आहे विचारलं. दुपारी, म्हणाला. डबीत किती आहेत, विचारलं.

"आठ," मामा म्हणाला. "कालच भरली. सगळ्या मऊ."

मग म्हणाला की ती दोन खाचांची पिन त्याने त्याच सकाळी घासून-पुसून खिशात ठेवली आहे. दादाने मागितली तर हाताशी असावी म्हणून.

तेव्हापासून मी रोज फोन करतेय. वाजतो. कुणी उचलत नाही.